सप्तापूरचे दोन उंबरठे

धारवाडचे नाव काढले की मराठी घरांत पहिल्यांदा पेढ्याची आठवण निघते. मग कोणी बेंद्र्यांचे नाव घेतो, कोणी मल्लिकार्जुन मन्सूरांचे, तर कोणी जी. ए. कुलकर्णींचे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘धारवाडचे काका’ किंवा ‘धारवाडची मावशी’ असे एखादे नाते असतेच. आमच्या घरी धारवाडची आत्या आहे. गेल्या पावसाळ्यात तिला तिथून कायमची घेऊन येण्यासाठी मी गेले होते. आठ दिवस राहिले आणि तिला न घेताच परतले. ते का, हे घरच्यांना पत्राने कळवले. तेच इथे थोडे सविस्तर सांगते.

सप्तापूर ही कर्नाटक कॉलेजच्या बाजूची वसाहत. कॉलेज १९१७ सालचे. पुढे १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठाची स्थापना झाली आणि या भागात प्राध्यापक, शिक्षक, कारकून यांची घरे वाढत गेली. रिक्षावाल्याला ‘सप्तापूर बावी’ एवढे सांगितले की पुरते. बावी म्हणजे विहीर. आपल्या बावडीची सख्खी बहीण. आता तिच्या आसपास पाण्यापेक्षा पुस्तकांची गर्दी अधिक. स्पर्धापरीक्षांचे वर्ग, अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची दुकाने, आणि पाठीवर पिशवी अडकवून भिजत जाणारी उत्तर कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांची मुले. अशा एका गल्लीत, दोन उंच इमारतींच्या मध्ये, मंगळुरी कौलांचे एक जुने घर अंग चोरून उभे आहे. त्याच्या पुढल्या भागात घरमालक राहतात आणि मागल्या दोन खोल्यांत आत्या. घराला उंबरठे दोन, पण अंगण एक.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. लग्न केले नाही. छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती काठीच्या आधाराने चालू लागली. पण आम्हां भावंडांच्या मनाने घेतले की आता तिने एकटे राहू नये. फोनवर बोलणी झाली, कोणाच्या घरी कोणती खोली रिकामी करायची तेही ठरले. ज्या एका माणसाला विचारायला हवे होते, त्याला मात्र कोणी विचारले नाही. हे माझ्या ध्यानात आले ते सप्तापूरला पोचल्यावर.

आत्या एकटी राहते, अशी आमची समजूत होती. दार उघडले ते एका अनोळखी बाईंनी. स्वयंपाकघरात दुसऱ्या एक बाई सार ढवळत होत्या. पुढल्या घरच्या काकू कॉटवर बसून आत्याच्या पायाला तेल लावत होत्या. एवढ्यात वरच्या मजल्यावरून एक विद्यार्थी डोकावला आणि विचारता झाला, “अक्कोरु, ऊटा आत्रि?” जेवण झाले का? त्या भागात शाळेच्या बाईंना अक्कोरु म्हणतात. म्हणजे आदरार्थी ‘अक्का’. गुरू आणि थोरली बहीण यांना एकच शब्द लावणारे ते गाव आहे.

नात्यांच्या शब्दांची तिकडे मोठी मौज आहे. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द आपल्याकडे कन्नडातून आले असे जाणकार सांगतात. उलट धारवाडच्या कन्नड घरांत काका, काकू, मावशी, वैनी हे शब्द सर्रास ऐकू येतात. जी. एं.चेच पाहा. अविवाहित राहिलेल्या या लेखकाने धारवाडात मावसबहिणींसह संसार मांडला, आणि नंदा पैठणकर या बहिणीने पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘प्रिय बाबुआण्णा’. मराठी भावाच्या नावाला कन्नड प्रत्यय कसा सहज चिकटला!

पण आमच्या घराण्यात एका नात्याचा शब्द साठ-पासष्ट वर्षे कोणी उच्चारला नव्हता. ती कथा बेळगावची. तिथे लंडन मिशनचे काम १८२० पासून होते. ‘यमुना पर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये त्याच गावी झाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एकोणिसावे शतक सरता सरता, आमचे पणजोबाही तिथेच ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ घरच्या धर्मात राहिला. थोरल्याच्या नावाने घरात घटस्फोट करण्यात आला. आज आपण हा शब्द नवरा-बायकोच्या फारकतीसाठी वापरतो. परंतु धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला ज्ञातीबाहेर टाकण्याचा विधी. त्याच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा, स्नान करायचे, आणि तो मेला असे समजून चालायचे.

आपल्या महाराष्ट्राने हे दुःख जवळून पाहिलेले आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा वडिलांच्या हवाली झाला. परंतु त्याला पुन्हा पंगतीत घ्यावे की नाही यावर शहर दुभंगले. श्रीपतला शुद्ध करून घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनाही टीका सोसावी लागली. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. एका आईच्या दोन मुलांना दोन गावे झाली. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला खरा. पण कायदा शेत देऊ शकतो, पंगतीतले पान देऊ शकत नाही.

अशा तुटलेल्या माणसांनी एकत्र येऊन जे उभे केले त्याला मराठी ख्रिस्ती लोकांनी शब्द निवडला तो ‘मंडळी’. चर्चच्या इमारतीला काहीही म्हणा, उपासनेला जमणारा समुदाय म्हणजे मंडळी. ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब, आणि जुन्या पिढीतले गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करत. ज्यांनी हा शब्द रुळवला त्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक असले पाहिजे, कारण बहुतेकांचे हरवलेले होते.

धारवाडात हे काम बासेल मिशनने केले. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे लोक १८३४ साली मंगळुरास उतरले आणि १८३७ मध्ये धारवाडला आले. कन्नड-इंग्रजी कोशाचे कर्ते फर्डिनांड किटेल याच संस्थेचे. कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला, आणि धारवाडातील एका महाविद्यालयाला आजही त्यांचे नाव आहे. पण मला कोशापेक्षा कौल अधिक बोलके वाटते. जातीबाहेर पडलेल्या माणसाचा घरासोबत धंदाही जात असे. त्याला पोटाला काही हवे म्हणून मिशनने मंगळुरास विणकाम सुरू केले आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. ती कौले इतकी उत्तम निघाली की पुढे कोणाच्याही घराच्या छपरावर जाऊन बसली. आत्याच्या स्वयंपाकघरातले एक कौल पावसाआधी बदलले तेव्हा जुने उतरवून भिंतीशी ठेवले होते. त्याच्या पोटावर मिशनची मोहर आहे. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले त्यांनी थापलेल्या कौलाखाली घरमालकांचे देवघर साठ-सत्तर वर्षे कोरडे राहिले आहे.

आत्या १९६३ मध्ये धारवाडला नोकरीस आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. सप्तापूरला जागा मिळाली. घरमालकीणबाईंनी रीतीप्रमाणे चौकशी केली: गाव कोणते, कुलदैवत कोणते? आत्या म्हणाली, “आम्ही ख्रिस्ती आहोत.”

“ते झालं. पण मूळचं घर कुठलं?”

आत्याने गाव सांगितले, आडनाव सांगितले, आजोबांचे नाव सांगितले. घरमालकीणबाई काही न बोलता उठून आत गेल्या. आत्याला वाटले, जागा हातची गेली. तिसऱ्या दिवशी त्या आल्या आणि उंबरठ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, “तुझे आजोबा आमच्या मामंजींचे थोरले भाऊ. आमच्याकडं त्यांचं नाव घेत नसत. ‘गेले’ एवढंच सांगत.”

आत्याने उत्तर दिले, “आमच्याकडं तुमच्या मामंजींचं नाव रोज घेत. संध्याकाळच्या प्रार्थनेत. आजोबा होते तोवर एक दिवस चुकला नाही.”

त्या रात्री पुढल्या घरातून चहा आला. कपबशी मात्र वेगळी होती, कडेला निळी रेघ असलेली. वर्षभर आत्या त्याच कपातून चहा पीत होती आणि धुऊन पालथा घालून ठेवत होती. पुढे एकदा तो कप मोलकरणीच्या हातून फुटला. चुलत काकूंनी तुकडे गोळा केले आणि दुसरा वेगळा कप काढला नाही. आत्या ही गोष्ट सांगते तेव्हा हसते. “घडा फोडून तोडलं,” ती म्हणते, “आणि कप फुटून जोडलं. आमच्या घराण्याला फोडल्याशिवाय काही जमतच नाही.”

चर्चमध्येही ती पहिल्या दिवशी घरची झाली नव्हती. बेळगावला उपासना मराठीत, ना. वा. टिळकांची गीते तिला तोंडपाठ. इथे सारे कन्नडात. मंडळीला तिकडे ‘सभे’ म्हणतात आणि पाळकांना ‘सभापालक’. पहिले कित्येक रविवार ती शेवटच्या बाकावर मुकी बसून राही. मग शेजारी बसणाऱ्या एका कंपाउंडरच्या पत्नीने गीतांचे पुस्तक दोघींच्या मध्ये धरले आणि गाताना प्रत्येक अक्षराखालून बोट फिरवायला सुरुवात केली. मुलांना शिकवणारी माझी आत्या कन्नड मुळाक्षरे अशी त्या बोटामागून शिकली. ती बाई आता नाही. तिची सून दर मंगळवारी आत्याकडे येते.

हे वार एका शाळेच्या वहीत लिहिलेले आहेत. आत्या रुग्णालयात होती त्याच आठवड्यात सभेतल्या बायकांनी वही केली: वार, नाव, काम. सोमवारी कोणी डबा आणायचा, बुधवारी व्यायामासाठी कोणी हात धरायचा, रात्री सोबतीला कोणी निजायचे. गुरुवारची रात्र पुढल्या घरच्या काकूंची. त्या चुलत काकूंच्या सून, म्हणजे आत्याच्या वहिनी. औषधे आणण्याचे काम वरच्या मुलाकडे. वहीत चर्चचे कोण आणि नात्याचे कोण अशी रेघ कुठे ओढलेली नाही.

सारेच गोड होते असे मात्र मी म्हणणार नाही. घरी प्रार्थनेसाठी मंडळी जमली की काकूही कोपऱ्यात बसत. ते एका वयस्क गृहस्थांना रुचले नाही. आत्या त्यांना म्हणाली, “त्या घरमालकीण आहेत. त्यांना कुठं उठवू?” त्यावर सगळे हसले आणि विषय संपला. उलट पुढल्या घरी श्राद्धाच्या दिवशी आत्या आपण होऊन दुपारपर्यंत दार लोटून घेते. कोणी तसे सांगितलेले नाही, पण नको असेही कोणी म्हटलेले नाही. भाडे ती दर महिन्याच्या एक तारखेला मोजून देते. “भाडं दिलं की आश्रित होत नाही,” असा तिचा हिशेब.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटे की त्यांच्या आयुष्यातला कठीण काळ म्हणजे १८९५ ते १९००. पती ख्रिस्ती झालेले आणि आपण नातेवाइकांच्या घरी; पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि त्यांच्या घरात परक्यांची मुलेही वाढली. एक घर सुटल्यावर दुसरे मिळते, असा मी त्याचा अर्थ लावला होता. सप्तापूरला ती वही पाहिली आणि वाटले, दोन्ही घरे एका अंगणात राहू शकतात. फक्त त्याला तीन पिढ्या आणि एक कप लागतो.

रविवारी मी काकूंना आत्याजवळ ठेवून उपासनेला गेले. बासेल मिशनच्या या भागातल्या मंडळ्या आता दक्षिण भारतातील चर्चमध्ये सामील आहेत. ते चर्च १९४७ साली मद्रासला स्थापन झाले, आणि त्याचा उत्तर कर्नाटकाचा धर्मप्रांत १९७० मध्ये झाला तेव्हापासून त्याचे केंद्र धारवाडला आहे. उपासनेतले मला थोडेच कळले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नावे वाचली गेली. त्यांत आत्याचे नाव ओळखले. त्यापाठोपाठ काकांचे नाव आले. पुढल्या घरच्या काकांचे, ज्यांची त्या आठवड्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती आणि जे त्या घडीला सप्तापूरला आपल्या देवघरात पूजा करत असतील. पणजोबा रोज संध्याकाळी घेत असलेले नाव मला आठवले. त्या भावाच्याच नातवासाठी, तेही दुसऱ्या भाषेत, कोणी तरी अजून प्रार्थना करत होते.

बाहेर पडताना सभेतले एक वडीलधारे गृहस्थ माझ्यापाशी आले. “नम्म अक्कोरुंना न्यायला आलात?” त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारले. ‘नम्म’ म्हणजे आमच्या. मला ते लागले. माझ्या बापाची सख्खी बहीण यांची कधीपासून झाली? मी काही तरी तुटक उत्तर दिले आणि रिक्षा केली.

रात्री आत्याजवळ हा विषय काढला. ती बराच वेळ काठीच्या मुठीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मराठीत आमचं वेगळं आणि आपलं वेगळं. कन्नडात दोन्हीला नम्मच. ते म्हणाले ‘आपल्या अक्कोरु’, आणि तू ऐकलंस ‘आमच्या’.”

“पण तू आमच्याकडं का येत नाहीस? तिथं तुला काही कमी पडणार नाही.”

“तेच तर,” आत्या म्हणाली. “तुमच्याकडं मला सगळं मिळेल गं. पण माझ्याकडून कुणाला काय मिळेल? इथं वरचा मुलगा इंग्रजीचा निबंध घेऊन येतो, तो मी तपासते. तुझ्या काकांना पाठ्याच्या वेळा मी सांगते, कारण त्यांना काही आठवत नाही. मंगळवारी जी येते तिच्या मुलीला पाढे म्हणायला लावते. तुमच्याकडं आले की मी पाहुणी. चांगली सांभाळलेली पाहुणी.”

मला उत्तर सुचले नाही. आम्ही तिला काय द्यायचे एवढाच विचार केला होता. घर म्हणजे आपले घेणे असते तसे आपले देणेही असते, आणि ज्याच्याकडून कोणाला काही नको, तो सर्वांच्या मध्ये बसूनही परका राहतो, हे त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आमच्यापेक्षा चांगले समजले होते. पणजोबांचा घडा फुटला तेव्हा त्यांचे अन्नपाणी गेले, तसेच भावाच्या घरातले त्यांचे कामही गेले. मंडळीने त्यांना पान दिले आणि बसायला जागा दिली. त्याबरोबर कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचा हक्क दिला, तो अधिक मोलाचा होता.

तरीही माझी काळजी खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वडीलधारे गृहस्थ स्वतः घरी आले. मी आदल्या दिवशीच्या तुटकपणाबद्दल क्षमा मागितली. ते मनमोकळेपणाने म्हणाले की वहीतल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. मुले शिकून बेंगळुरूला गेली. आज ते सांभाळतात, पण पाच वर्षांनी वही कोण चालवील याची त्यांनाही चिंता आहे. “तुम्ही न्यायला आलात, यात तुमची चूक नाही,” ते म्हणाले. “पण न्यायचं नसेल तर यायला हवं.”

काकूंनी स्वयंपाकघरातून वही आणली. मी दर तिसऱ्या महिन्यातला पहिला आठवडा मागून घेतला. धाकट्या भावाला फोन करून त्याच्याकडून दिवाळीनंतरचे पंधरा दिवस कबूल करून घेतले. गृहस्थांनी कन्नडात नाव लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे बोट दाखवून विचारले, काम काय लिहू? मला स्वयंपाक बरा येतो, व्यायाम करवता येत नाही, औषधांच्या नावांचा गोंधळ होतो. काकू म्हणाल्या, “निजायला सोबत, असं लिहा. बाकीचं आम्ही शिकवू.”

संध्याकाळी पाऊस थांबला. कौलांवरून पाणी अंगणात ठिबकत होते, आणि पुढल्या घरात काकू दिवा लावत होत्या. आत्याने चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि मला जवळ बोलावले. त्या वळणदार अक्षरांत माझे नाव कुठले ते मला कळेना. तिने माझा हात धरला, माझे बोट पहिल्या अक्षराखाली ठेवले, आणि सावकाश पुढे सरकवू लागली.